गिट फॉरमॅट-पॅचमधले बदल तपासताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, वापरणारे पुष्कळ, पण गिटच्या स्वतःच्या कोडमध्ये हात घालणारे थोडे, आणि त्यांनी केलेले बदल शांतपणे वाचून तपासणारे त्याहून थोडे. हे पान त्या तिसऱ्या गटासाठी आहे. त्यातही विषय एकाच कमांडचा : फॉरमॅट-पॅच, म्हणजे कोडमधले बदल ईमेलने पाठवता येतील अशा फाइली (पॅच) बनवणारी कमांड. खालचे काही प्रश्न मला नव्याने या कामात आलेल्या मुलामुलींनी विचारले, काही मीच कधीकाळी दुसऱ्यांना विचारले होते. कमांड आणि ऑप्शनची नावं इथे उच्चारानुसार लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

गिट डिफचं आउटपुट फाइलमध्ये ओतून पाठवलं तर काय बिघडतं? त्यासाठी वेगळी कमांड कशाला?

डिफ फक्त कोणत्या ओळी गेल्या आणि कोणत्या आल्या एवढंच सांगतो. बदल कोणी केला, कधी केला आणि मुख्य म्हणजे का केला, हे सगळं त्यातून गळून पडतं. फॉरमॅट-पॅच प्रत्येक कमिटची, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या एकेका बदलाची, एक फाइल बनवते आणि ती फाइल म्हणजे जसंच्या तसं पाठवता येईल असं ईमेल असतं. फ्रॉम ओळीत लेखक, डेट ओळीत लिहिल्याची वेळ, सब्जेक्ट ओळीत कमिट मेसेजचा मथळा, खाली उरलेला मेसेज, मग तीन डॅशांची एक ओळ, त्याखाली कोणत्या फाइलीत किती ओळी हलल्या त्याचा गोषवारा आणि शेवटी डिफ. समोरचा माणूस गिट एएम, म्हणजे आलेले पॅच लावणारी कमांड, चालवतो आणि त्याच्याकडे तोच कमिट त्याच लेखकाच्या नावाने उभा राहतो. हॅश, म्हणजे कमिटची ओळख असलेली अक्षरांची माळ, मात्र वेगळा येतो, कारण कमिट करणारा आणि कमिट केल्याची वेळ बदललेली असते.

यामागे इतिहास आहे. लिनक्स कर्नलचं काम ज्या बिटकीपर या अशाच साधनावर चालायचं, ते फुकट वापरायची सोय बंद झाली म्हणून लिनस टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५मध्ये गिट लिहायला घेतलं. कर्नलमध्ये पॅच ईमेलने फिरायचे, आजही फिरतात. म्हणून पत्र घडवणारी कमांड गिटमध्ये अगदी पहिल्या वर्षापासून आहे. आधी ती शेल स्क्रिप्ट होती, २००६मध्ये सी भाषेत आली. कर्नल, क्यूईएमयू, पोस्टग्रेस आणि खुद्द गिट, या सगळ्या प्रकल्पांत ती रोजच्या वापरात आहे.

या कमांडचा कोड कुठे सापडेल?

बिल्टइन फोल्डरमधल्या लॉग.सी या फाइलीत. फॉरमॅट-पॅच ही लॉग आणि शो या इतिहास दाखवणाऱ्या कमांडच्याच घरात राहते, हे तपासणाऱ्याने पहिल्यांदा लक्षात ठेवायचं. तिला स्वतःला न समजलेले ऑप्शन ती पुढे लॉगच्या आणि डिफच्या सामाईक यंत्रणेकडे सरकवते. त्यामुळे एका घरातल्या बदलाचा धूर दुसऱ्या खोलीत निघतो. मथळा कसा गुंडाळायचा, तो कसा एन्कोड करायचा हे प्रिटी.सी बघते. पत्राचं डोकं आणि फाइलीचं नाव लॉग-ट्री.सीमध्ये तयार होतं. टेस्ट टी फोल्डरमध्ये आहेत, मुख्य फाइलीचा क्रमांक ४०१४.

मला बदल मिळाला. सुरुवात कुठून करू? थेट कोड वाचू का?

नको. आधी कमिट मेसेज वाचा. गिटमध्ये मेसेजने तीन गोष्टी सांगाव्यात अशी अपेक्षा असते : आज काय घडतं, त्यात अडचण काय आहे, आणि हाच उपाय का निवडला. मेसेज वाचून तुम्हाला अडचण समजली नाही, तर तीच तुमची पहिली टिप्पणी. त्यात संकोच वाटण्याचं कारण नाही. पाच वर्षांनी ब्लेम (कोणती ओळ कोणत्या कमिटने आली ते दाखवणारी कमांड) चालवून तिथे पोहोचणाऱ्या माणसालाही ती समजणार नाहीये.

मग बदलापूर्वीचं गिट आणि बदलानंतरचं गिट, दोन्ही वेगवेगळ्या फोल्डरांत बिल्ड करा. एकाच ब्रांचवर (कमिटच्या एकाच मालिकेवर) दोघांकडून पॅच काढा. दोन्ही आउटपुट एकमेकांशेजारी ठेवून डिफ घ्या. कोड वाचायचा तो यानंतर. उलट क्रमाने गेलं की लेखकाच्या डोक्यातून विचार करायची सवय लागते आणि जे त्याला दिसलं नाही ते आपल्यालाही दिसत नाही.

या कमांडच्या बाबतीत एवढा सावधपणा का? छापून दाखवणारी कमांडच तर आहे.

कारण लॉगचं आउटपुट माणूस वाचतो, फॉरमॅट-पॅचचं आउटपुट यंत्र वाचतं. आणि तेही तुमच्या मशीनवरचं यंत्र नाही. तुमच्या नव्याकोऱ्या गिटने काढलेला पॅच समोरच्याच्या दहा वर्षं जुन्या एएमने वाचला पाहिजे. मधे मेल सर्व्हर आहेत, मेल वाचायची साधनं आहेत, कोणाच्या तरी घरच्या पर्ल स्क्रिप्ट आहेत. यातल्या कोणालाही तुम्ही 'जरा अपडेट करून घ्या' असं सांगू शकत नाही. लॉगमध्ये एक स्पेस जास्त पडली तर कोणाचं बिघडत नाही, इथे बिघडतं. म्हणून इथे कोड किती सुंदर आहे यापेक्षा बाहेर पडलेला एकेक बाइट आधी तपासायचा, असं माझं मत आहे. कोडच्या सौंदर्यावर बोलायला इतर लोक असतातच.

फाइलीत ओळीओळीने काय बघायचं?

वरून खाली जाऊ.

पहिली ओळ. फ्रॉम, त्यापुढे कमिटचा हॅश, त्यापुढे सोमवार १७ सप्टेंबर २००१, मध्यरात्र. ही तारीख बघून जवळजवळ प्रत्येक नवा माणूस 'बग सापडला' म्हणून उड्या मारतो. तो बग नाही. ही एक ठरीव खूण आहे. हे खरंखुरं मेलबॉक्स नसून फॉरमॅट-पॅचने बनवलेली फाइल आहे, हे दुसऱ्या प्रोग्रामना ओळखता यावं म्हणून ती कायम तीच असते. गिट जन्मलंही नव्हतं तेव्हाची तारीख आहे ती. याच ओळीतला हॅश ४० अक्षरांचाच असेल असं कोणी कोडमध्ये किंवा टेस्टमध्ये धरून चाललं असेल तर अडवा. एसएचए-२५६ ही हॅश काढायची नवी पद्धत वापरणाऱ्या रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या गिट साठ्यात) तो ६४ अक्षरांचा असतो. झिरो-कमिट ऑप्शन दिला की तिथे नुसती शून्यं येतात, तेही करून बघा.

फ्रॉम आणि डेट. ही लेखकाची, कमिट करणाऱ्याची नव्हे. फ्रॉम-ऑप्शन वापरला की पत्राच्या डोक्यावर पाठवणाऱ्याचं नाव जातं आणि मूळ लेखकाचं नाव पत्राच्या आत, मजकुराच्या पहिल्या ओळीत येतं. इथे चूक झाली तर कोणाच्या तरी कामावर दुसऱ्याचं नाव लागतं. इतकी माणसाला लागणारी दुसरी चूक या कमांडमध्ये नाही, त्यामुळे लेखक आणि पाठवणारा वेगळे असतील अशी एक चाचणी मी प्रत्येक वेळी घेतोच.

सब्जेक्ट. चौकटी कंसात पॅच हा शब्द, एकाहून अधिक पॅच असतील तर १/३ असा क्रमांक. पॅच एकच असेल तर क्रमांक येत नाही, हे पूर्वनिर्धारित वागणं आहे. समोर एएम हे कंस काढून टाकतो. गंमत अशी की तो सुरुवातीचे सगळेच चौकटी कंस काढतो. तुमच्या ऑफिसात कमिटच्या मथळ्याआधी कंसात तिकीट क्रमांक लिहायची पद्धत असेल, तर पॅचच्या वाटेने गेलेला तो क्रमांक पलीकडे गायब होतो. तो टिकवायचा तर दोन्ही टोकांना कीप ऑप्शन द्यावे लागतात, किंवा नुसत्या एएमला कीप-नॉन-पॅच.

तीन डॅश. या ओळीपासून डिफपर्यंतचा मजकूर एएम फेकून देतो. म्हणूनच 'मागच्या आवृत्तीपासून काय बदललं' वगैरे गप्पा तिथे लिहायच्या. पण याचा दुसरा अर्थ असा की कोणी कमिट मेसेजमध्येच तीन डॅशांची ओळ टाकली असेल, तर पलीकडे मेसेज तिथेच तुटतो. मेसेजमध्ये उदाहरण म्हणून डिफचा तुकडा अगदी डाव्या कडेला चिकटवला असेल तर एएम त्यालाच खरा डिफ समजतो. मेसेजच्या मजकुराला हात लावणारा कुठलाही बदल आला की असे वात्रट मेसेज मुद्दाम बनवून बघा.

शेवट. दोन डॅश, एक स्पेस, आणि पुढच्या ओळीवर गिटची आवृत्ती. ती स्पेस कचरा नाही. मेल वाचणारी साधनं तिच्यावरूनच 'इथून खाली सही आहे' हे ओळखतात. ओळीच्या शेवटच्या स्पेस साफ करण्याच्या उत्साहात कोणी ती उडवलीय का, बघा.

कव्हर लेटरमध्ये काही खास बघायचं असतं का?

कव्हर लेटर म्हणजे मालिकेची ओळख करून देणारं पहिलं पत्र. त्यातली एक गोष्ट फारशा लोकांना माहीत नसते. कव्हर-लेटर ऑप्शन दिला की शून्य क्रमांकाची एक फाइल तयार होते आणि तिच्यात 'विषय इथे लिहा' अशा अर्थाची, दोन्ही बाजूंना तीन तीन तारे असलेली इंग्रजी ओळ असते. पॅच मेलने धाडणारं गिट सेंड-ईमेल पाठवण्याआधी हीच ओळ शोधतं. सापडली तर तुम्ही विषय लिहायला विसरलात असं समजून पाठवायला नकार देतं. म्हणजे ती ओळ दोन प्रोग्राममधला करार आहे. 'सगळे संदेश भाषांतरासाठी खुले करू या' अशा चांगल्या हेतूने कोणी ती ओळ भाषांतराच्या यादीत टाकली, तर कोड चालेल, टेस्टही बहुधा पास होतील, आणि कोरं कव्हर लेटर शंभर लोकांच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडेल. भाषांतराचा मी कट्टर समर्थक आहे, पण इथे नाही.

मराठीत कमिट मेसेज लिहिला तर फॉरमॅट-पॅच नीट चालतं का?

चालतं, पण दोन ठिकाणी ते कसं चालतं हे बघण्यासारखं आहे.

मथळा ईमेलच्या डोक्यात जातो आणि तिथे साधी रोमन अक्षरं सोडून काही चालत नाही, असा जुना नियम. म्हणून आरएफसी २०४७ या मानकाप्रमाणे तो एन्कोड होतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइटचं, आणि प्रत्येक बाइट बरोबरचं (=) चिन्ह आणि दोन अक्षरं असा लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला ९ अक्षरं. 'मराठी' या शब्दात म, र, काना, ठ, वेलांटी अशी पाच चिन्हं. झाली ४५ अक्षरं! ओळ ७६ अक्षरांत बसवायची, त्यात सुरुवातीचा आणि शेवटचा सांगाडा १२ अक्षरं खातो. एका ओळीत जेमतेम पाच ते सात चिन्हं मावतात, आणि चार शब्दांचा मथळा चार ओळींवर पसरतो. बघायला भयंकर, पण पलीकडे तो अचूक जोडला जातो.

मानकाची अट अशी की एका चिन्हाचे बाइट दोन तुकड्यांत फोडायचे नाहीत, आणि गिट ती पाळतं. पण ठ एका तुकड्यात आणि त्याची वेलांटी पुढच्या तुकड्यात असं होऊ शकतं, कारण गिटच्या लेखी ती दोन वेगळी चिन्हं आहेत. शेजारशेजारच्या तुकड्यांमधली मोकळी जागा वाचताना टाकून दिली जाते, म्हणून वेलांटी पुन्हा ठवर जाऊन बसते. या भागाला हात लावणारा बदल आला तर फ्रेंच किंवा जर्मन नावांची टेस्ट पुरेशी नसते. त्यांची चिन्हं २ बाइटची आणि ती शब्दात अधूनमधून येतात. आपली ३ बाइटची आणि सलग. मराठी बोलणारा रिव्ह्यूअर जगाला काही वेगळं देऊ शकतो ते इथे. एन्कोडिंग नको असेल तर ते बंद करायचा ऑप्शनही आहे. पाठवण्यासाठी नव्हे, फाइल नुसती वाचायची असेल तेव्हा तो कामाचा.

दुसरं ठिकाण म्हणजे फाइलीचं नाव. ते मथळ्यावरून बनतं, पण त्यात रोमन अक्षरं, अंक, टिंब आणि अंडरस्कोर एवढंच ठेवलं जातं. बाकी सगळं गाळून शब्दांच्या मधे डॅश टाकला जातो. पूर्ण मराठी मथळ्यातून काहीच उरत नाही, आणि फाइलीचं नाव होतं ०००१, डॅश, टिंब, पॅच. नुसता क्रमांक. फाइली एकमेकींवर चढत नाहीत एवढं त्यातल्या त्यात बरं. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला माझंच काहीतरी चुकलं असं वाटलं होतं.

मग फाइलीच्या नावात देवनागरी येऊ देणारा बदल कोणी आणला तर पाठिंबा द्याल?

मनापासून, पण दोन प्रश्न विचारून. नावाची लांबी पूर्वनिर्धारित ६४ पर्यंतच असते आणि ती बाइटमध्ये मोजली जाते. देवनागरी आली की कात्री चिन्हाच्या मधोमध चालेल, त्याचं काय? आणि ज्या फाइल सिस्टिम युनिकोडची नावं स्वतःच्या पद्धतीने बदलून साठवतात, तिथे स्क्रिप्टने छापलेलं नाव आणि डिस्कवरचं नाव जुळेल का? या दोन्हींची उत्तरं कमिट मेसेजमध्ये नसतील तर आपली लिपी आहे म्हणून सूट नाही.

नवा ऑप्शन जोडणारा बदल असेल तर?

तो खरंच हवा आहे का, इथपासून सुरुवात करा. या कमांडला आधीच ढीगभर ऑप्शन आहेत, आणि एकदा दिलेला ऑप्शन परत घेता येत नाही.

हवाच असेल तर एकाक्षरी नाव शक्यतो मागू देऊ नका. इथल्या एकाक्षरी नावांचा आधीच गोंधळ आहे. लॉगमध्ये एस म्हणजे डिफ दाखवू नको, इथे एस म्हणजे साइन-ऑफ (हा बदल देण्याचा हक्क मला आहे, अशी सही) जोड. बाकी बऱ्याच कमांडमध्ये व्ही म्हणजे जास्त बडबड कर, इथे व्ही म्हणजे मालिकेची कितवी आवृत्ती. मग बघा, 'नो' लावून तो बंद करता येतो का? कॉन्फिगमध्ये (कायमच्या सेटिंगमध्ये) चालू आणि कमांडवर बंद असं दिलं तर कमांडचं चालतं का? एसटीडीआउट (फाइलीऐवजी थेट पडद्यावर किंवा पुढच्या कमांडला), आउटपुट आणि आउटपुट-डिरेक्टरी हे तिघं एकमेकांसोबत चालत नाहीत. नवा पाहुणा कोणाशी भांडतो, आणि भांडला तर स्पष्ट एरर देतो की मुकाट्याने एकाला गिळतो? डॉक्युमेंटेशन त्याच कमिटमध्ये आहे का? 'नंतर लिहितो' म्हणणाऱ्यांच्या डॉक्युमेंटेशनची मी अजून वाट बघत बसलोय.

कॉन्फिगला हात लावणाऱ्या बदलांची सगळ्यांना इतकी धास्ती का?

कारण दोनदा हात पोळले आहेत. दोन्ही उदाहरणं समजून घेण्यासारखी आहेत.

पहिलं. डिफमध्ये फाइलीच्या नावाआधी ए आणि बी असे उपसर्ग येतात. काहींना ते आवडत नाहीत, म्हणून ते डिफ.नोप्रिफिक्स हे कॉन्फिग लावून घालवतात. टर्मिनलवर डबल क्लिक करून नाव कॉपी करता येतं, छान वाटतं. पण फॉरमॅट-पॅचही हे कॉन्फिग मानायची. मग पॅचमधून उपसर्ग जायचे, आणि पलीकडचा एएम सवयीने नावातला पहिला भाग उडवायचा. उपसर्ग नसल्यामुळे उडायचं ते खरं फोल्डर. पॅच लागायचा नाही. पाठवणाऱ्याच्या आवडीची शिक्षा घेणाऱ्याला! २०२३मध्ये, २.४१ या आवृत्तीत, फॉरमॅट-पॅचने हे कॉन्फिग मानणं सोडलं, आणि ज्यांना खरोखर तसेच पॅच हवेत त्यांच्यासाठी फॉरमॅट.नोप्रिफिक्स हे वेगळं कॉन्फिग आलं. माझ्या आवडीचं दिसणं आणि दुसऱ्याला पाठवायची वस्तू यांतली सीमारेषा इथे नेमकी आखली गेली. नवं कॉन्फिग आलं की मी हाच प्रश्न विचारतो : हे रेषेच्या कोणत्या बाजूला?

दुसरं. गिट रिबेस ही कमिटची मालिका उचलून दुसऱ्या पायावर ठेवणारी कमांड. तिचा जुना मार्ग आतून फॉरमॅट-पॅच चालवतो आणि निघालेले पॅच नळीतून एएमला पाजतो. हे बहुतेकांच्या ध्यानीमनी नसतं. मालिका कोणत्या कमिटवर उभी आहे ते पॅचच्या तळाशी आपोआप लिहिणारं यूज-ऑटो-बेस नावाचं कॉन्फिग आहे. एखाद्याने ते पत्रांसाठी म्हणून चालू केलं, आणि अपस्ट्रीम (जिच्याशी जोडलेली असते ती मूळ ब्रांच) नसलेल्या ब्रांचवर त्याचा रिबेस कोसळायला लागला. रिबेस आतून नो-बेस पाठवू लागला तेव्हा ते मिटलं. २०२०च्या २.२६पासून रिबेसचा पूर्वनिर्धारित मार्ग बदललाय, पण जुना मार्ग अजून शिल्लक आहे. म्हणून फॉरमॅट-पॅचमध्ये काहीही आपोआप चालू होणार असेल, तर अप्लाय ऑप्शन देऊन एक रिबेस करून बघायचाच. आतून बोलावताना त्याला आवर घालणारा ऑप्शन रिबेसने दिलाय का, तेही बघायचं.

आधीच्या वागण्यात बदल होत असेल तर सरळ नकार द्यायचा का?

सरळ नाही. आरएफसी ऑप्शनचंच घ्या. हा पॅच फक्त मतं मागवण्यासाठी आहे, असं सब्जेक्टमध्ये सांगायची ती सोय. पूर्वी तो आणि सब्जेक्ट-प्रिफिक्स एकत्र दिले तर एकाने दुसऱ्याला पुसून टाकायचं. २०२३च्या नोव्हेंबरमधल्या २.४३ आवृत्तीपासून आरएफसी हा शब्द दिलेल्या प्रिफिक्सच्या आधी नुसता जोडला जातो. नवं वागणं उघडच शहाणपणाचं आहे. तरीही कोणीतरी जुन्या पुसण्यावर विसंबून असू शकेल, म्हणून रिलीज नोट्समध्ये हा बदल मागील सुसंगततेच्या मथळ्याखाली गेला आणि जुना परिणाम हवा असेल तर काय टाइप करायचं तेही लिहिलं गेलं. मला हा नमुना आवडतो. बदल करायला हरकत नाही, पण ज्याचं मोडणार त्याच्या हातात पर्यायी कमांड द्या.

सगळ्या टेस्ट पास झाल्यात. आता झालं ना?

टेस्ट वाचल्या का? पास होणाऱ्या टेस्टचं कौतुक नंतर. आधी लेखकाचा सी कोडमधला बदल काढून टाका आणि त्याच्या नव्या टेस्ट चालवा. त्या नापास व्हायला हव्यात. होत नसतील तर त्या काहीच तपासत नाहीयेत. हे दिसायला बाळबोध वाटतं, पण इतक्या वेळा सापडतं की विचारू नका.

४०१४ क्रमांकाची फाइल टी फोल्डरमध्ये जाऊन एकटी चालवता येते, व्ही आणि आय देऊन, म्हणजे पहिल्या अपयशाला थांबते. आउटपुटच्या रूपात बदल असेल तर एवढ्यावर भागत नाही. ४०१३मध्ये अपेक्षित आउटपुटच्या कितीतरी तयार फाइली आहेत, ३२०६मध्ये रेंज-डिफच्या (त्याबद्दल पुढे), ९००१मध्ये सेंड-ईमेलच्या, ४१५०मध्ये एएमच्या. टेस्टमध्ये हॅश, गिटची आवृत्ती किंवा मेसेज-आयडी अक्षरशः लिहिलेला दिसला तर तो उद्या मोडणार. मेसेज-आयडीत तर वेळही गुंफलेली असते.

आणि एक टेस्ट नेहमी हाताने. एका ब्रांचवर मुद्दाम वेडेवाकडे कमिट करा : एक बायनरी फाइल, एक नाव बदललेली फाइल, एक मराठी मथळा, एक दोन परिच्छेदांचा मेसेज, एक दुसऱ्याच्या नावाचा कमिट. फॉरमॅट-पॅच एसटीडीआउटवर काढा, नव्या ब्रांचवर एएमला द्या, आणि दोन्ही ब्रांचची तुलना करा. फाइली, लेखक, वेळ, मेसेज, सगळं जुळायला हवं. जमलं तर एएम जुन्या आवृत्तीचा वापरा.

लेखकाने दुसरी आवृत्ती पाठवली. पुन्हा सगळं वाचू?

त्यासाठीच २०१८मध्ये फॉरमॅट-पॅचला रेंज-डिफ आणि इंटरडिफ हे ऑप्शन मिळाले. रेंज-डिफ म्हणजे दोन मालिकांमधला फरक, डिफचा डिफ. मालिकेत तो कव्हर लेटरमध्ये बसतो, एकच पॅच असेल तर तीन डॅशांखाली. अनेक पॅच आहेत आणि कव्हर लेटर नाही, तर पूर्वी कमांड नकार द्यायची; २०२४मधल्या २.४६पासून ती कव्हर लेटर आपोआप बनवते. सुरुवातीला तो वाचताना डोळे गरगरतात. प्लसच्या पुढे मायनस म्हणजे नेमकं काय, हे बोटं ठेवून वाचावं लागतं. दोन-चार मालिकांनंतर सवय होते. पण रेंज-डिफमध्ये बदल दिसला नाही म्हणून पॅच बरोबर ठरत नाही. आवृत्ती एकमधली तुमची टिप्पणी लेखकाने चुकून सोडून दिली असेल, तर तिथे काहीच दिसणार नाही. तुमच्या जुन्या टिप्पण्यांची यादी शेजारी हवी.

'फॉरमॅट-पॅचला एक कमिट दिला, तिने चाळीस फाइली काढल्या.' असा रिपोर्ट आलाय. बग आहे का?

नाही. नुसता कमिट दिला की तिचा अर्थ 'याच्यानंतरचे सगळे' असा होतो. फक्त तोच हवा असेल तर आधी वजा एक लिहावं लागतं. मी स्वतः एकदा असे बरेच पॅच भलत्यांना पाठवले आहेत, त्यामुळे असा रिपोर्ट आणणाऱ्यांशी मी फार प्रेमाने बोलतो. मर्ज कमिट (दोन ब्रांच जोडणारे) फाइलींत दिसत नाहीत, तोही बग नाही. त्यांचा पॅच निघतच नाही.

मला सी येत नाही. तरी रिव्ह्यू करता येईल?

डॉक्युमेंटेशनचं पान वाचून त्याप्रमाणे वागून बघा. पान एक सांगतं आणि कमांड दुसरंच करते असं दिसलं, की तुम्ही रिव्ह्यू केलात. वर सांगितलेली एएमची फेरी मारायला सी लागत नाही. गिटचा प्रकल्प गूगल समर ऑफ कोड या नवोदितांसाठीच्या उपक्रमात भाग घेतो, आणि त्यासाठी अर्ज करणाऱ्यांना आधी एक छोटं काम करून दाखवावं लागतं. ते काम निवडण्याआधी दोन-तीन इतरांचे पॅच तपासलेत तर कोणता बदल कसा लिहितात ते आपोआप कळतं.

टिप्पणी कशी लिहू? ज्येष्ठ माणसाची चूक काढायची म्हणजे...

चूक माणसाची नाही, पॅचची. 'तुम्ही इथे चुकलात' ऐवजी 'हे इनपुट दिलं तर हे आउटपुट येतं, असंच अपेक्षित आहे का?' असं लिहा आणि दोन्ही चिकटवा. त्यावर कोणी रागावत नाही, वाद घालायलाही जागा उरत नाही. चव आणि चूक वेगळ्या ठेवा. व्हेरिएबलचं नाव तुम्हाला आवडलं नाही ही चव, लेखकाचं नाव पुसलं गेलं ही चूक. चवीच्या टिप्पणीवर 'हवं तर' असं लिहून टाकावं. आणि जे तपासलं नाही तेही सांगा : 'रेंज-डिफचा भाग मी पाहिलेला नाही.' या एका वाक्याने मेंटेनरचा, म्हणजे बदल स्वीकारायचा की नाही ते ठरवणाऱ्याचा, पुष्कळ वेळ वाचतो.

रिव्ह्यूड-बाय आणि अ‍ॅक्ड-बाय यांत फरक काय?

अ‍ॅक्ड म्हणजे त्या भागाचा जाणकार म्हणतोय की मला हे पटलं. रिव्ह्यूड म्हणजे बारकाईने तपासून पूर्ण समाधान झाल्यावर रिव्ह्यूअरने कमिट मेसेजखाली स्वतः दिलेली ओळ. लेखकाने ती परस्पर लावायची नसते. नुसतं चालवून पाहिलं असेल तर टेस्टेड-बाय, आणि त्यातही कमीपणा नाही.

सगळं मान्य झाल्यावर बदल कधी मिळतो?

जुनिओ हामानो २००५च्या जुलैपासून गिटचे मेंटेनर आहेत. ते मालिका आधी सीन या ब्रांचमध्ये घेतात. तिचं नाव २०२०पर्यंत पीयू होतं. सीनमध्ये आला म्हणजे स्वीकारला असं नाही, नजरेला पडला एवढंच. मग नेक्स्ट, तिथे काही दिवस मुरतो, मग मास्टर, आणि साधारण दोन-तीन महिन्यांनी येणाऱ्या पुढच्या आवृत्तीत तुमच्या हाती. नेक्स्टमध्ये गेलेल्या बदलात चूक सापडली तर मालिका बदलून देत नाहीत, वरून दुरुस्तीचा नवा कमिट लावतात. म्हणून काही बोलायचं असेल तर ते बदल सीनमध्ये असतानाच बोला.